नीटचा तिसरा प्रयत्न आणि माळ्यावरची वही

प्रश्न : मुलगी दोनदा नीटला बसली, बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळण्याइतके गुण पडले नाहीत. तिसऱ्या प्रयत्नासाठी कोणता क्लास लावावा? ती मात्र युद्ध चाललेल्या देशांतील साथींचे आकडे वहीत उतरवत बसते. मी ती वही माळ्यावर टाकली. लढाईच्या ठिकाणी सर्जनच लागतो, बाकीच्यांना कोण विचारतो? हल्ली ती आमच्याशी बोलतही नाही.
– एक पालक, सांखळी

उत्तर : आपण क्लासविषयी विचारले आहे, परंतु मला काळजी वाटते ती आपल्या शेवटच्या वाक्याची. दोन वर्षे सतत परीक्षा देणारी मुलगी घरात बोलेनाशी होते आणि ते आपण गुणांनंतर एका ओळीत उरकता, हे मला फार गंभीर वाटते. तिची झोप आणि जेवण नीट चालले आहे का, हे आधी पाहा. नसेल तर क्लास शोधण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आपल्या हेतूविषयी मला शंका नाही, पण वही माळ्यावर टाकणे ही शिस्त नव्हे. तो तिचा अपमान आहे.

सर्जनविषयीचा आपला समजही चुकीचा आहे. जखमींना सर्जन हवाच. मात्र युद्धात साथ पसरते ती बहुधा नळावाटे. वीज गेली की पंप बंद पडतात, क्लोरीन संपते, सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळते आणि शीतपेटीअभावी लस वाया जाते. येमेनमध्ये 2016 पासून कर्मचाऱ्यांचे पगार थकले, कचरा आणि सांडपाण्याची व्यवस्था कोलमडली, आणि 2017 संपेपर्यंत कॉलऱ्याच्या संशयित रुग्णांची संख्या 10 लाखांवर गेली. यातील बहुतेक रुग्ण वेळेवर मिळालेल्या मीठ-साखरेच्या पाण्याने वाचू शकतात. तेथे शस्त्रक्रियेचे कामच नसते. गाझामध्ये जुलै 2024 मध्ये पोलिओचा विषाणू प्रथम सापडला तो सांडपाण्याच्या नमुन्यांत. 25 वर्षांनंतरचा पहिला रुग्ण, एक दहा महिन्यांचे बाळ, त्यानंतर ऑगस्टमध्ये निश्चित झाला, आणि सप्टेंबरमध्ये लसीकरणासाठी लढाई भागाभागाने थांबवावी लागली. गटारातले ते पाणी बाटलीत भरणारे आणि प्रयोगशाळेत तपासणारे हात सर्जनचे नव्हते.

सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र किंवा नर्सिंगची पदवी आणि त्यानंतर सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर शिक्षण, हा तिचा रस्ता असू शकतो, एम.बी.बी.एस. हा त्याच गावाला जाणारा आणखी एक रस्ता आहे, एकमेव नव्हे. अशी नोकरी म्हणजे उद्याच युद्धभूमीवर रवानगी, असेही समजू नये. यातले बरेचसे काम प्रयोगशाळेत आणि आकड्यांच्या तक्त्यांवर चालते.

म्हणून क्लासचे नाव मी सुचवणार नाही. आज संध्याकाळी ती वही माळ्यावरून काढा, स्वतः तिच्या हातात द्या आणि एखादे पान तिच्याकडून समजून घ्या. तिला तरीही नीट द्यायची असेल तर तसे तिनेच मला लिहावे.