चुंबे बेटावर पहिल्यांदा जाताना
झांझिबारला निघालाच आहात तर एक रात्र जवळच्या चुंबे बेटावर काढाच. पण हॉटेल समजून जाऊ नका. राहायची घरं फक्त 7. छपरावर पडलेलं पावसाचं पाणी साठवून तेच अंघोळीला, तेव्हा जपून वापरा. संडासात फ्लश नाही, कंपोस्ट होतं. वास येत नाही, घाबरू नका. मोठ्या पावसात बेट बंद असतं, आधी तारखा विचारा.

बेटालगतच्या समुद्रातल्या प्रवाळावर पाय अजिबात टेकवू नका. कित्येक वर्षांची वाढ एका पावलात मोडते. 1994पासून ते संरक्षित आहे आणि पूर्वीचे कोळीच राखणदार झाले. त्यांच्यासोबतच पाण्यात उतरा. ते दाखवतात ते एकट्याला दिसत नाही. पाहुण्यांच्या पैशांवर इथल्या शाळकरी मुलांच्या सहली होतात, मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. रात्री अजस्र कोकोनट क्रॅब, म्हणजे जमिनीवर राहणारे खेकडे, बघायला टॉर्च न्या.