सॅवॉय बॉलरूम: उघडे दार आणि नाचाची लाकडी जमीन

जुन्या जॅझ क्लबांना आणि नृत्यगृहांना इतके सांस्कृतिक महत्त्व का दिले जाते, संगीत तर ध्वनिमुद्रिकांवर आजही ऐकता येते, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे स्विंगच्या, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदांनी नाचासाठी वाजवलेल्या जॅझच्या, काळातील संगीत ऐकतो आहे आणि सुरुवातीला मलाही हाच प्रश्न पडत असे. त्याचे उत्तर मला न्यू यॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील सॅवॉय बॉलरूम या नृत्यगृहाच्या इतिहासात मिळाले, म्हणून मुख्यतः त्या एकाच जागेविषयी लिहितो.

सॅवॉय १२ मार्च १९२६ रोजी लेनॉक्स ॲव्हेन्यूवर, १४० व्या आणि १४१ व्या रस्त्यांच्या दरम्यान सुरू झाले. मालकी मो गेल या गोऱ्या व्यावसायिकाकडे होती आणि रोजचा कारभार चार्ल्स ब्यूकॅनन हे कृष्णवर्णीय व्यवस्थापक पाहत. त्याच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर, कॉटन क्लब होता. तिथे ड्यूक एलिंग्टन यांच्यासारखे थोर कलावंत वाजवत. परंतु ते ऐकायला बसलेले लोक गोरे असत आणि ज्या वस्तीत तो क्लब उभा होता, त्या वस्तीतील सामान्य रहिवाशाला तिथे प्रेक्षक म्हणून जागा नव्हती. सॅवॉयचे दार मात्र पहिल्या दिवसापासून दोघांनाही उघडे होते. वर्णभेद सर्वत्र रुजलेल्या त्या अमेरिकेत कृष्णवर्णीय आणि गोरे लोक इथे एकाच जमिनीवर नाचत, आणि तिथे माणसाची पत त्याच्या नाचावरून ठरे.

ती जमीनही साधी नव्हती. पायाला उसळी देणारी ती मेपल लाकडाची विस्तीर्ण जमीन नाचून नाचून इतकी झिजत असे की, ठरावीक वर्षांनी ती बदलावी लागे. वाद्यवृंदांसाठी दोन मंच होते. एक वृंद थांबला की दुसरा सुरू होई, त्यामुळे नाच खंडित होत नसे. एका कोपऱ्याला ‘कॅट्स कॉर्नर’ म्हणत आणि तिथे नाचायचे तर अंगात तेवढी तयारी लागे. लिंडी हॉप हा नाच याच जमिनीवर वाढला.

माझ्या मते सॅवॉयचे खरे मोल इथे आहे. १९३० च्या दशकात तिथला प्रमुख वाद्यवृंद चिक वेब यांचा होता. लहानपणी झालेल्या मणक्याच्या क्षयामुळे त्यांची उंची खुंटली होती, तरीही त्यांच्या ड्रमवादनाचा दरारा होता. लावणीत ढोलकीवाला जसा नर्तकीच्या पायांवर नजर ठेवून वाजवतो, तसे वेब नाचणाऱ्यांकडे पाहून वाजवत. फ्रँकी मॅनिंग या नर्तकाने १९३५ च्या सुमारास एका स्पर्धेत आपल्या जोडीदारणीला पाठीवरून उलटी फिरवून पुढे उतरवले. लिंडी हॉपमधील ती पहिली हवेतली उडी मानली जाते, आणि वेब यांच्या वृंदाने आपल्या हालचाली तालात नेमक्या टिपल्या, असे मॅनिंग पुढे सांगत. म्हणजे हे संगीत आधी घडून मग नाचायला मिळत नव्हते. नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहत ते तिथल्या तिथे आकार घेत होते. ध्वनिमुद्रिकेत त्यातला निम्माच भाग उरतो.

या जाणत्या नर्तकांसमोर ११ मे १९३७ रोजी वेब आणि बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदांचा सामना झाला. गुडमन तेव्हा देशभर गाजत होते, तरी सॅवॉयच्या गर्दीने वेब यांना विजयी ठरवले आणि गुडमन यांचे ड्रमवादक जीन क्रूपा यांनीही वेब यांचे श्रेष्ठत्व मोकळेपणाने मान्य केले.

दार कोणासाठी उघडे आहे, हा प्रश्न आपल्याकडेही होता. लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, आणि पुढे चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध झालेल्या गोमंतकीय ट्रंपेटवादकाने तिथली मैफल गाजवली. परंतु ताजच्या नृत्यगृहात गिरणगावातला माणूस जाणार कसा? त्याच्यापर्यंत स्विंग पोहोचले ते चित्रपटांतून, सी. रामचंद्र यांच्या संगीतावर भगवानदादा ‘अलबेला’त (१९५१) नाचले तेव्हा.

सॅवॉयचे उघडे दार सर्वांनाच रुचले नाही. एप्रिल १९४३ मध्ये अनैतिक व्यवहारांचा ठपका ठेवून प्रशासनाने ते बंद केले. गोऱ्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे एकत्र नाचणे हेच खरे कारण आहे, असे हार्लेममधील अनेकांचे म्हणणे होते, आणि मलाही तेच पटते. काही महिन्यांनी ते पुन्हा सुरू झाले. मात्र १९५८ मध्ये ते कायमचे बंद झाले आणि गृहसंकुलासाठी इमारत पाडण्यात आली.

त्या सुमारास मॅनिंग टपाल खात्यात नोकरी करत होते. १९८० च्या दशकात लिंडी हॉप शिकू पाहणारे तरुण, त्यांत स्वीडनचेही काही जण, त्यांचा शोध घेत आले, आणि सत्तरी ओलांडलेल्या मॅनिंग यांनी पुन्हा शिकवायला सुरुवात केली. २००२ मध्ये सॅवॉयच्या जागी स्मृतिफलक बसवला गेला, तेव्हा ते आणि त्यांच्या जुन्या सहकारी नॉर्मा मिलर तिथे उपस्थित होते.