जुने मोबाइल गोळा करण्याआधी

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

महाविद्यालयात जुने मोबाइल, चार्जर आणि संगणक गोळा करण्याचा तुझा बेत कळला. बेत चांगला आहे. मात्र पेटी भरल्यावर ती कोणाकडे जाणार, हे तू लिहिलेले नाहीस, आणि माझ्या मते खरे काम तिथूनच सुरू होते.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर पुनर्प्रक्रियेला गेला. आपल्या देशात असा बराच माल भंगारवाल्यांच्या हातून दिल्लीतील सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोहोचतो. तेथे तांब्यासाठी वायरी जाळतात, सर्किट बोर्डांतले सोने ॲसिडने सुटे करतात, आणि तो धूर व शिसे कामगारांच्या, तसेच शेजारी खेळणाऱ्या मुलांच्याही अंगात जाते.

तरीही भंगारवाल्यावर खापर फोडू नकोस. दारोदार फिरून वस्तू जमवणे आणि मोडक्या यंत्रांतून चालणारे सुटे भाग अचूक निवडणे हे त्याचे खरे कसब आहे. घातक आहे ते जाळणे आणि ॲसिड. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांना संघटित करत आली आहे आणि तिच्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा उचलते. तेथील महिलांना मोहिमेत घे, पण मोबदला देऊन. सेवा म्हटली की ती फुकट मागण्याची आपल्या मध्यमवर्गाची सवय जुनीच आहे.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादकांना आपल्या वाट्याचा कचरा पुनर्प्रक्रियेला गेल्याची प्रमाणपत्रे नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकारांकडून घ्यावी लागतात. ती सोने, तांबे, लोखंड व ॲल्युमिनियम या चारच धातूंच्या हिशेबाने मिळत असल्याने, प्लॅस्टिक किंवा जुन्या टीव्ही-संगणकांच्या पडद्यांची शिसेयुक्त काच नीट निकाली काढण्यात फारशी कमाई उरत नाही. म्हणून माल देण्यापूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडील नोंदणी तपास आणि या बिनकिमती भागाचे काय करणार, याचे उत्तर लेखी माग.

चालू स्थितीतला फोन मात्र पेटीत येऊच देऊ नकोस. फोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो बनतानाच घडून गेलेला असतो, त्यामुळे बॅटरी बदलून तो आणखी काही वर्षे वापरणे हे कोणत्याही पुनर्प्रक्रियेपेक्षा सरस ठरते. पेटीशेजारी मोबाइल दुरुस्त करणारा एखादा कारागीर बसवता आला तर पाहा. फुगलेल्या बॅटऱ्या इतर मालात मिसळू नकोस, कारण त्या दाबल्या गेल्यास पेट घेतात. त्यांच्यासाठी वाळू भरलेला वेगळा डबा ठेव आणि तो वर्गाबाहेर, सावलीत असू दे.

शुभाशीर्वाद.