थिबाची बशी

प्रश्न: आमच्या जुन्या घरात माळ्यावर चिनी मातीच्या सहा बशा सापडल्या. तळं, दोन हंस, काठाला झाड, मावळतीचं आकाश, कडेला सोनेरी रेघ. मागे हिरव्या शाईत पानांच्या वेलीत 'एम' हे अक्षर आणि 'नोरिताके, हँड पेंटेड, मेड इन जपान'. आजी (वय ८८) म्हणते, थिबा राजाच्या सामानातल्या आहेत. खरंच का? एकीचा टवका उडालाय, चिकटवू का?
– एक वाचक, रत्नागिरी तालुका

उत्तर: रत्नागिरीत घरोघरच्या 'थिबाच्या बशा' मोजायला बसलो, तर राजवाड्यात रोज शंभर पानं उठत होती म्हणायची पाळी येईल! माझ्या आत्याकडेही एक होती.

ब्रह्मदेशाचा हद्दपार राजा थिबा १८८६ मध्ये रत्नागिरीत आला. राजवाडा १९१० चा, आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो तिथंच वारला. आता बशी उलटी करा. अमेरिकेनं १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हा जपानी कारखाने 'निप्पॉन' लिहायचे. १९२१ मध्ये तिथल्या कस्टमनं बजावलं की 'जपान' लिहा. नियम अमेरिकेचा, आपल्याकडे येणाऱ्या मालाला तो लागू नव्हता, म्हणून एवढ्यावरच मी निकाल देत नाही. पण 'एम'सुद्धा बोलतो. तो मोरिमुरा घराण्याचा. त्यांच्या नागोयाच्या नोरिताके कारखान्यानं वेलीतला 'एम' १९११ पासून वापरला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्या जागी 'एन' आणला. 'एम' आणि 'जपान' या दोन्ही खुणा एकत्र धरल्या, तर तुमच्या बशा साधारण १९२० ते १९४० मधल्या धरा. थिबा तोवर गेला होता. कुणा चाकरमान्यानं मुंबईहून बोटीनं आणल्या असाव्यात, असा माझा अंदाज.

'हँड पेंटेड' लिहिलंय म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. घड्याळजीकडचं भिंग घ्या आणि हंसाच्या मानेवर धरा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर छापील. ब्रशची रेघ सुरुवातीला जाड, शेवटी निमुळती होते, रंग कुठं साचतो, कुठं विरळ. सहाही बशा ओळीनं मांडा. हाताचं काम असेल तर प्रत्येक हंसाची मान थोडी वेगळी वळलेली असते, आणि झाडाचा शेंडाही कधी रेघेला टेकतो, कधी टेकत नाही. पुष्कळदा बाह्यरेघ छापील आणि आतला रंग हातचा असतो, तेव्हा दोन्ही तपासा.

लाईट गेल्यावर बशीमागे टॉर्च लावा आणि मधे बोटं धरा. बोटांची सावली दिसली तर पोर्सेलिन, म्हणजे चिनी मातीचा उंची, अर्धपारदर्शक प्रकार. उडालेल्या टवक्याची कड बघा. पोर्सेलिन काचेसारखं पांढरं, घट्ट तुटतं. साध्या चिनी मातीची कड खडूसारखी भुसभुशीत असते आणि जीभ लावली की चिकटते.

टवक्याला झटपट गोंद लावू नका, पिवळा पडतो. तुकडा असेल तर कापडात बांधून ठेवा. आणि सोन्याला चिंच, राख, तारेची घासणी काहीही लावू नका. ते झिलईच्या वर असतं, निघायला फार वेळ लागत नाही. आत्याच्या बशीची किनार मी दिवाळीच्या साफसफाईत चिंचेनं चकचकीत करायला गेलो आणि धुतलेल्या पाण्यात पिवळी चमक बघत बसलो.

तिची बशीही थिबाची नव्हती, पण ते मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. आजीचं तुम्ही ठरवा.