‘कराटे’मधला ‘कर’ आणि त्यातले शून्य

‘कराटे’ या शब्दातला ‘कर’ हा संस्कृतमधला हातवाचक ‘कर’च आहे काय, आणि शब्दाचा अर्थ ‘रिकामा हात’ असा असेल तर काही ठिकाणी तो ‘चिनी हात’ असा का दिलेला आढळतो, असे दोन प्रश्न विचारण्यात आले आहेत. पहिल्याचे उत्तर नकारार्थी आहे. या शब्दात हात आहे खरा, पण तो शेवटी आहे : जपानी भाषेत ‘ते’ म्हणजे हात आणि ‘कारा’ म्हणजे रिकामा. संस्कृत ‘कर’शी असलेले साम्य हा योगायोग आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की दोन्ही अर्थ खरे आहेत, आणि ‘चिनी हात’ हा त्यांतला जुना आहे. जपानी लेखनात एकाच उच्चाराची वेगवेगळी चित्राक्षरे असू शकतात. ‘कारा’ असे वाचता येणारे एक अक्षर चीनमधल्या थांग राजवंशाचे (इ. स. 618 ते 907) आणि त्यावरून एकूणच चीनचे वाचक आहे; दुसरे अक्षर ‘रिकामा’, ‘पोकळ’ या अर्थाचे आहे. ही विद्या घडली ती जपानच्या मुख्य बेटांवर नव्हे, तर दक्षिणेकडच्या र्‍युक्यू राज्यात, म्हणजे आजच्या ओकिनावात. तिथे स्थानिक द्वंद्वविद्येला नुसते ‘ती’, म्हणजे हात, असे म्हणत. चीनच्या फूच्येन प्रांताशी असलेल्या व्यापारी व राजनैतिक संबंधांतून आलेल्या तंत्रांची भर पडली, तिला ‘तोदी’, म्हणजे चिनी हात, असे नाव मिळाले. तीच दोन अक्षरे जपानी वळणाने वाचली की ‘काराते’ होतात. (निःशस्त्र शेतकऱ्यांनी जुलमी सत्तेविरुद्ध ही विद्या शोधून काढली ही कथा फार लोकप्रिय आहे; पण ज्यांची नावे इतिहासाला ठाऊक आहेत, ते जुने गुरू बहुतेक शुरी या राजधानीतल्या दरबारी वर्गातले होते, आणि मात्सुमुरा सोकोन तर राजांच्याच सेवेत होता.)

उच्चार तोच ठेवून अक्षर बदलण्याचे काम विसाव्या शतकात हळूहळू झाले. हानाशिरो चोमो या ओकिनावी गुरूने 1905 मध्येच ‘रिकामा’ हे अक्षर वापरले होते. तोक्योतल्या केइओ विद्यापीठाच्या कराटे मंडळाने 1929 मध्ये ते स्वीकारले, ही विद्या ओकिनावातून तोक्योत नेणाऱ्या, पेशाने शिक्षक असलेल्या फुनाकोशी गिचिन यांनी 1935 च्या आपल्या ग्रंथात ते रूढ केले, आणि 25 ऑक्टोबर 1936 रोजी ओकिनावातल्या नाहा शहरात ‘र्‍युक्यू शिंपो’ या वृत्तपत्राने बोलावलेल्या बैठकीत तिथल्या प्रमुख गुरूंनीही त्याला मान्यता दिली.

या बदलामागे तत्त्वज्ञान किती आणि राजकारण किती, हा खरा वादाचा मुद्दा. 1931 मध्ये जपानने मांचुरिया घेतला होता, चीनशी उघड युद्ध 1937 मध्ये पेटणार होते. अशा वातावरणात चीनचे नाव मिरवणारी विद्या तोक्योत रुजवणे सोपे नव्हते. फुनाकोशी यांनी अनेक ‘काता’ची (ठरीव हालचालींच्या क्रमांची) नावेही बदलली. एका चिनी दूताच्या नावावरून आलेल्या ‘कुशांकू’चे त्यांनी ‘कांकू’ केले, आणि त्यातला ‘कू’ लिहिला तो ‘रिकामा’ या अर्थाच्या त्याच अक्षराने. हे सारे पाहता, केवळ अध्यात्मासाठी नाव बदलले असे म्हणणे मला पटत नाही.

तरीही अध्यात्म ही नंतर चढवलेली सबब नव्हती. हे अक्षर ‘कू’ असे वाचले की तो बौद्ध परंपरेतल्या ‘शून्यता’ या संज्ञेचा प्रतिशब्द होतो, आणि फुनाकोशी यांनी आधार घेतला तो प्रज्ञापारमिताहृदयसूत्रातल्या ‘रूपं शून्यता शून्यतैव रूपम्’ या वचनाचाच. जपानमध्ये या सूत्राचा जो चिनी पाठ म्हटला जातो तो परंपरेने ह्युएन त्संगच्या नावावर आहे. दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन करून ठेवणारा प्रवासी म्हणून आपण त्याला ओळखतो. तेव्हा ‘कर’ संस्कृत नसला, तरी ‘कारा’च्या अर्थापर्यंत संस्कृत पोहोचले आहे, ते मात्र उच्चारातून नव्हे, भाषांतरातून. फुनाकोशी यांच्या मते हातात शस्त्र नसणे हा या रिकामेपणाचा पहिला अर्थ. स्वार्थ आणि दुष्ट हेतू यांतून मन मोकळे असणे हा दुसरा. ‘कराटेत पहिला वार नसतो’ हे त्यांचे सूत्र या दुसऱ्या अर्थाला धरूनच येते. त्याच ओघात शेवटी ‘दो’, म्हणजे मार्ग, जोडून ‘काराते-दो’ असे नाव झाले.

म्हणून मराठीत अर्थ देताना ‘रिकामा हात’ हा शब्दशः बरोबर असला तरी पुरेसा नाही, कारण आपल्याकडे रिकाम्या हाताने परत येणे म्हणजे काही न मिळता परत येणे. ‘निःशस्त्र हात’ असे म्हणून शून्यतेचा संदर्भ वेगळा सांगावा, हे बरे.

लेखनाविषयी थोडक्यात. जपानी ‘त’ दंत्याच्या जवळचा आहे. आपला ‘ट’ इंग्रजीच्या वाटेने आला. मूळ स्वर ऱ्हस्व आहेत, पण ते तसेच ऱ्हस्व लिहायला गेलो तर ‘करते’ असे क्रियापद हाती येते. तेव्हा रूढ ‘कराटे’च ठेवावे. ‘कराटे शिकवले जातात’ असा अनेकवचनी प्रयोग ‘फटाके’सारख्या शब्दांच्या धर्तीवर होतो, विद्येचे नाव म्हणून नपुंसकलिंगी एकवचन, म्हणजे ‘कराटे शिकवले जाते’, मला अधिक योग्य वाटते.