सहावा फ्लॅग टाकण्याआधी: सर्व्हिस बुकिंगच्या प्रश्नाला माझं उत्तर

तुमचा प्रश्न वाचला. दुचाकी सर्व्हिसचं बुकिंग, त्या क्लासमध्ये इजकन्फर्म्ड, इजपेड, इजस्टार्टेड, इजकम्प्लीटेड, इजकॅन्सल्ड असे पाच बूलियन (हो-नाही साठवणारे फ्लॅग), रद्द झालेल्या बुकिंगचंही बिल निघतंय, आणि आता दुरुस्तीनंतर गाडी परत आली तर काय म्हणून इजरीओपन्ड हा सहावा टाकावा का, असं तुम्ही विचारलंय. नका टाकू. पाच फ्लॅगच्या हो-नाहीच्या ३२ वेगवेगळ्या जोड्या होतात, सहाव्याने ६४ होतील. चिंचवडच्या तुमच्या वर्कशॉपमध्ये गाडी खरोखर ज्या अवस्थांत असते त्या फार तर सहा-सात. बाकीच्या जोड्यांना काही अर्थ नाही, तरी कोड त्यांना अडवत नाही.

ईनम (ठरलेल्या नावांची यादी, एका वेळी त्यातलं एकच) आणि स्टेट मशीन (अवस्था आणि त्यांच्यातले चालणारे बदल) तुम्हाला माहीत असणार, त्यात वेळ घालवत नाही. तुमच्यासारख्याच टेबलाने आमचा लग्नसराईचा एक अख्खा हंगाम खाल्ला, त्याबद्दल लिहितो, कारण तिथली खरी अडचण क्लासच्या बाहेर होती.

पुण्यातल्या काही मंगल कार्यालयांच्या बुकिंगची सिस्टीम आमच्या टीमकडे सांभाळायला आली होती. टेबल जुनं, आधीच्या लोकांनी बनवलेलं. होल्ड, अॅडव्हान्स, कन्फर्म, रद्द, रिफंड असे पाच कॉलम, प्रत्येकात वाय किंवा एन. तुळशीच्या लग्नानंतरची एक मोठी तारीख एका कुटुंबाने धरली, शुक्रवारी अॅडव्हान्सचा चेक दिला आणि शनिवारी फोन करून तारीख सोडली. काउंटरवरच्या बाईंनी लगेच रद्दचा वाय केला. तारीख मोकळी दिसली, रविवारी दुसऱ्या कुटुंबाने ती घेतली. पुढच्या आठवड्यात पहिला चेक वटला. कार्यालयं चालवणाऱ्या संस्थेच्या हिशेब विभागाची एक स्क्रिप्ट रोज रात्री बँकेचं स्टेटमेंट जुळवायची आणि पैसे दिसले की अॅडव्हान्स आणि कन्फर्म दोन्ही वाय करायची. रद्दच्या कॉलमकडे ती बघतच नव्हती. सकाळी ती ओळ अशी होती: होल्ड एन, अॅडव्हान्स वाय, कन्फर्म वाय, रद्द वाय, रिफंड एन.

आता गंमत अशी नाही की एखादा प्रोग्राम चुकला. कॅलेंडरचा स्क्रीन फक्त रद्द बघायचा, त्यामुळे त्याच्या लेखी तारीख दुसऱ्या कुटुंबाची. पत्र छापणारा प्रोग्राम फक्त कन्फर्म बघायचा, त्यामुळे निश्चितीचं पत्र दोन्ही घरांना गेलं. आणि पहिल्या घरचे वडील परतावा मागायला आले तेव्हा हिशेब विभागाने स्क्रीन बघून सांगितलं की बुकिंग निश्चित आहे, निश्चित बुकिंगचा परतावा निघत नाही. प्रत्येक जण आपापल्या फ्लॅगप्रमाणे बरोबर होता. बूलियनचा हा खरा धोका आहे: एकाच वस्तूबद्दल चार ठिकाणी चार वेगवेगळे निर्णय होतात.

आम्ही त्या विभागाला ही ओळ दाखवली. उत्तर मिळालं की पैसे जमा म्हणजे कन्फर्म, स्क्रिप्ट बरोबर आहे, तुमचा स्क्रीन दुरुस्त करा. एकच स्टेटस कॉलम करू म्हटलं, तर महिनाअखेरच्या रिपोर्टला वाय-एनचेच कॉलम लागतात, टेबलाला हात लावायचा नाही. लेखी मागणी द्या, ती समितीपुढे जाईल. समिती बसायची आणि आमचा विषय पुढच्या बैठकीवर जायचा. तोवर आम्ही रोज सकाळी क्वेरी चालवून असल्या ओळी हाताने निस्तरत होतो, आणि स्क्रिप्ट रात्री त्या पुन्हा बिघडवत होती. मला याचा अजूनही राग येतो. ज्यांचे पैसे अडकले ती माणसं काउंटरवर येऊन उभी राहायची आणि बोलणी खायच्या त्या बाई, ज्यांनी आपलं काम चोख केलं होतं.

पुढच्या हंगामाआधी वरिष्ठांकडून परवानगी मिळाली तेव्हा उपाय सोपा निघाला. मूळ टेबलाचं नाव बदललं, त्यात एकच स्टेटस कॉलम ठेवला आणि जुन्या नावाचा एक व्ह्यू (टेबलासारखी दिसणारी साठवलेली क्वेरी) बनवला. त्या व्ह्यूमध्ये पाचही वाय-एन कॉलम स्टेटसवरून केसची अट लावून काढलेले. रिपोर्टला काही कळलंसुद्धा नाही. असे काढलेले कॉलम अपडेट करता येत नाहीत, त्यामुळे बाहेरून कुणी फ्लॅग लिहिण्याचा मार्गच बंद झाला. हिशेब विभागाला 'पैसे जमा झाले' एवढंच कळवणारी एक प्रोसीजर दिली. बुकिंग रद्द असेल तर ती ते पैसे परताव्याच्या यादीत टाकते.

म्हणून माझा पहिला आग्रह: कोडला हात लावण्याआधी तुमच्या टेबलात आणखी कोण लिहितं ते शोधा. रात्रीचं शेड्यूल केलेलं काम, अकाउंट्सची एक्सेल इम्पोर्ट, सपोर्टवाल्यांच्या हातातली क्वेरी. क्लास कितीही सुंदर केला तरी मागच्या दाराने कुणी फ्लॅग बदलत असेल तर उपयोग शून्य.

दुसरं, पाचही फ्लॅगवर एसक्यूएलचा ग्रुप बाय लावून प्रत्येक जोडीच्या ओळींची मोजणी काढा. ३२ पैकी किती जोड्या प्रत्यक्षात आहेत ते दिसेल. ज्या जोडीचा अर्थ लागत नाही तिला अंदाजाने एखाद्या अवस्थेत ढकलू नका. ती यादी सर्व्हिस अॅडव्हायझरकडे न्या, त्याला त्यातल्या बऱ्याच गाड्या आठवतील. अवस्थांची नावंही त्याच्याच तोंडची घ्या. 'पार्टसाठी थांबली' ही अवस्था तुमच्या पाच फ्लॅगमध्ये कुठेच नाही, पण वर्कशॉपमध्ये ती रोज असते असा माझा अंदाज आहे.

मग एका कागदावर अवस्था आणि बाण काढा. इंटरनेटवरचं कनेक्शन सांभाळणाऱ्या टीसीपीच्या १९८१च्या आरएफसी ७९३ या दस्तऐवजात कनेक्शनच्या ११ अवस्था आणि त्यांच्यातले बाण एकाच आकृतीत मावले आहेत, तेव्हा दुचाकी सर्व्हिस नक्की मावेल. कोडमध्ये हे बाण एकाच ठिकाणी असू द्या आणि सेटस्टेटस नावाची पब्लिक मेथड काढून टाका. बाहेरच्यांनी कामसुरूकरा, रद्दकरा, गाडीद्या अशा घटनाच बोलवाव्यात. आत्ताची अवस्था त्या घटनेला चालत नसेल तर तिथेच एक्सेप्शन, म्हणजे काम थांबवणारी चूक. नुसता ईनम आणून सेटर (अवस्था थेट बदलणारी मेथड) उघडा ठेवला तर फ्लॅगचाच गोंधळ एका कॉलममध्ये येतो. हे मी कोड रिव्ह्यूमध्ये फार वेळा बघतो.

पैसे मात्र या यादीत कोंबू नका. गाडी तयार आहे पण पैसे बाकी, गाडी सुरू व्हायच्या आधीच अॅडव्हान्स आलाय, गाडी दिली पण उधारीवर: कामाची अवस्था आणि पैशांची अवस्था स्वतंत्र चालतात. एकाच ईनममध्ये 'तयार_पण_पैसे_बाकी' असली नावं यायला लागली की समजा दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्यात. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांनी १९८७मध्ये स्टेटचार्ट (अवस्थांच्या आकृत्या) मांडले त्यात शेजारी शेजारी चालणाऱ्या स्वतंत्र अवस्थांची सोय नेमकी याच कारणासाठी आहे. तुम्हाला दोन कॉलम पुरतील: काम आणि पैसे. बिल कामाच्या 'तयार' अवस्थेतूनच निघेल असा नियम घटनेच्या मेथडमध्ये घातला की रद्द बुकिंगचं बिल निघणं थांबेल.

डेटाबेसमध्ये बदल करताना अपडेटच्या व्हेअर अटीत जुनी अवस्था घालाच: अपडेट बुकिंग सेट काम = 'सुरू' व्हेअर आयडी = ? अँड काम = 'निश्चित'. किती ओळी बदलल्या ते तपासा. शून्य आलं तर मधल्या वेळात कुणीतरी अवस्था बदललीय, कदाचित रद्द केलंय, मेकॅनिकला सांगा. दोन जणांनी एकाच वेळी बटण दाबण्याचा प्रश्न इथे बराचसा सुटतो. जावात जेपीए (ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये साठवायची सोय) वापरत असाल तर ईनम स्ट्रिंग म्हणून साठवा. काही सांगितलं नाही तर तो क्रमांक साठवतो, आणि पुढे कुणी यादीच्या मध्ये नवीन अवस्था घातली की तिच्यानंतरच्या अवस्थांच्या जुन्या ओळींचा अर्थ बदलतो. चेक कन्स्ट्रेंटही (कॉलममध्ये ठरलेलीच मूल्यं येऊ देणारा नियम) लावा, पण मायएसक्यूएल ८.०.१६च्या आधीचं असेल तर ते चेक वाचून सोडून देतं, तपासत नाही. व्हर्जन बघून घ्या.

प्रत्येक अवस्थेचा वेगळा क्लास करणारा स्टेट पॅटर्न तुमच्या कामाला मला जड वाटतो. मुलाखतीत तो विचारतात म्हणून लोक तो घालतात. सहा-सात अवस्था आणि बाणांचा एक नकाशा वाचायला सोपा. एकाच मेथडचं वागणं प्रत्येक अवस्थेत खरंच निराळं असेल तर गोष्ट वेगळी. रद्द झाल्यावर कारण आणि वेळ, दिल्यावर किलोमीटर रीडिंग अशी त्या त्या अवस्थेपुरती माहिती असेल तर सील्ड क्लास (ज्याचे उपप्रकार आधीच ठरलेले असतात) बघा. जावा २१ असेल तर स्विचमध्ये एखादी अवस्था राहिली की कंपायलरच अडवतो. हे सगळं माझ्या जावा-मायएसक्यूएलच्या अनुभवातून आहे, तुमचं बॅकएंड दुसऱ्या कशात असेल तर तपशील बदलतील. फ्रंटएंडला इजलोडिंग आणि इजएरर एकत्र खरे होण्याचा त्रास असेल तर टाइपस्क्रिप्टच्या युनियन टाइपने (ठरलेल्या पर्यायांपैकी एकच) तोच प्रश्न सुटतो.

सगळे बूलियन वाईट असं माझं म्हणणं नाही. 'जीएसटी बिल हवं का' हा हो-नाहीचाच प्रश्न आहे, तो राहू द्या. रद्दआहेका अशी मेथडही चालेल, फक्त तिने स्टेटसवरून उत्तर काढावं, स्वतःचं काही साठवू नये. इजडिलिव्हर्डच्या जागी डिलिव्हरीची वेळ ठेवली तर केव्हा हेही कळतं, पण ती वेळ नोंद म्हणून ठेवा, तिच्यावर इफ लिहू नका.

आणि इजरीओपन्डचं म्हणाल तर माझ्या मते परत आलेली गाडी ही नवीन जॉब कार्ड, त्यावर जुन्या कार्डाचा नंबर. दिलेल्या गाडीचं कार्ड पुन्हा उघडलं तर बिल, वॉरंटी आणि मेकॅनिकचे तास तिन्हींचा हिशेब बिघडतो. तुमच्या वर्कशॉपची पद्धत वेगळी असू शकते, आधी त्यांना विचारा. ग्रुप बायचा निकाल निघाला की ग्राहकांची माहिती वगळून इथे टाका, कुठली जोडी कुठल्या अवस्थेत जाते ते मिळून बघू.