अंगावर येणारं गिऱ्हाईक आणि टो ट्रकवाला : वाचकांचे प्रश्न

या वेळी टो ट्रक चालवणाऱ्यांची पत्रं जास्त आली आहेत. गाडी चढवता येते, पण गाडीचा मालक आवरत नाही, असा बहुतेकांचा सूर आहे. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मी पोहोचण्याआधीच माणूस फोनवर तोंड सोडतो. "तासभर उन्हात उभा आहे, झोपा काढता का?" याला काय उत्तर द्यायचं?

त्याला आधी कुणीतरी "वीस मिनिटांत येतील" असं सांगितलेलं असतं आणि तो राग तुमच्यावर निघतो. तेव्हा काम हाती आलं की लगेच स्वतः फोन लावा. कॉल सेंटरने दिलेली वेळ विसरा आणि तुमची वेळ सांगा, तीही पल्ल्यात : "पस्तीस ते पन्नास मिनिटं." चाळीस सांगून पन्नासला पोहोचलात तर शिव्या बसतात. पन्नास सांगून त्रेचाळीसला पोहोचलात तर बसत नाहीत. अडकलात तर दिलेली वेळ उलटायच्या आत पुन्हा फोन करा. उलटल्यावर केलेला फोन सबब वाटते.

त्याच फोनवर पुढची माहिती काढा. गाडी कोणती आणि गिअर ऑटोमॅटिक आहे की हाताचे? चाकं फिरतात का? चावी हाताशी आहे का? बॅटरी जिवंत आहे का? रस्त्याच्या कोणत्या बाजूला, कोणत्या दिशेने तोंड करून उभी आहे? तळघरातल्या पार्किंगमध्ये असेल तर छताची उंची किती? अशा छताची उंची बऱ्याचदा दोन-सव्वादोन मीटरच असते आणि फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा सपाट ट्रक, तिथे शिरत नाही. हे विचारलं नाही तर चुकीचा ट्रक पोहोचतो, दुसरा मागवावा लागतो आणि मग जी हुज्जत होते तिला गिऱ्हाइकाचा स्वभाव जबाबदार नसतो. शिवाय माणूस प्रश्नांची उत्तरं द्यायला लागला की आवाज आपोआप खाली येतो.

प्रश्न : "एवढं काय अवघड आहे, दोर बांधून ओढून न्या" असं सांगतात. नाही म्हटलं की पैसे उकळायला बघतो म्हणतात.

इथे "कंपनीचा नियम आहे" हे उत्तर सर्वांत वाईट. त्याची गाडी काय बिघडेल ते एका वाक्यात सांगा. पैसे त्याचेच जाणार असतात, त्यामुळे तो ऐकतो.

ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचा तेलपंप साधारणपणे इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना, इंजिनाची ताकद ज्यांना जाते ती चाकं जमिनीवर फिरवली की आतले भाग तेलाविना फिरतात आणि जळतात. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी दोन चाकं उचलून नेली तर पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक मधल्या कपलिंगवर येतो, ते तापून निकामी होतं. तिला फ्लॅटबेड हवा, नाहीतर उरलेल्या चाकांखाली डॉली, म्हणजे चाकांची छोटी ट्रॉली. इलेक्ट्रिक गाडीत चाकं फिरली की मोटार वीज तयार करायला लागते, म्हणून तीही फ्लॅटबेडवरच. साध्या गाडीतसुद्धा इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो, मग पेडल दगडासारखं होतं आणि स्टिअरिंगही जड. दोरामागच्या गाडीत बसलेल्या माणसाला ती गाडी थांबवता येत नाही.

"ओढून नेली तर गिअरबॉक्स जाईल, त्याचा खर्च माझ्या भाड्याच्या कितीतरी पट आहे" एवढं पुरे. तरीही हट्ट धरला तर काम नाकारा. "मी जबाबदार नाही" असं लिहून घेऊन ओढणारे आहेत, पण त्या कागदावर फार विसंबू नये.

प्रश्न : गाडी उतरवल्यावर मालक म्हणतो, "हा ओरखडा तुम्हीच पाडलात." दर महिन्याला एखादं तरी असं प्रकरण होतं.

हा भांडणाचा सर्वांत मोठा प्रकार आहे, आणि हूक लावायच्या आधीच मिटवता येतो.

गाडीला हात लावण्यापूर्वी फोटो. चारही कोपरे, चारही रिम, पुढच्या बंपरची खालची कड, दरवाज्यांखालचे पत्रे, आरसे, पुढची काच, किलोमीटरचा आकडा आणि डॅशबोर्डवर पेटलेले दिवे. नंतर एक सलग व्हिडिओ, गाडीभोवती पूर्ण फेरी मारून. रात्री टॉर्च सरळ मारू नका, पत्र्याला लागून तिरपा मारा, म्हणजे ओरखडे आणि पोचे सावलीने उठून दिसतात. गाडी धुळीने किंवा चिखलाने माखलेली असेल तर पावतीवर तसं लिहा : "खालचे पत्रे दिसत नाहीत." फोटो काढताना मालकाला बरोबर फिरवा आणि दिसेल ते मोठ्याने बोला : "मागच्या बंपरला उजवीकडे पोचा, जुना." मग सही घ्या. उतरवल्यावर त्याच क्रमाने पुन्हा फोटो. क्रम एकच ठेवला की आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी धरायला वेळ लागत नाही.

आता दुसरी बाजू. ओरखडे कधीकधी आपल्याकडूनच पडतात आणि त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. ठेंगणी गाडी चढवताना उताराचा कोन मोठा राहिला तर बंपरची कड घासते. चाकांखाली दोन लांब फळ्या टाकल्या की कोन कमी होतो. टो हूक, म्हणजे बंपरमधल्या भोकात फिरवून बसवायचा ओढण्याचा आकडा, पूर्ण आत बसला नसेल तर वाकतो आणि बंपरचं झाकण फोडतो. काही गाड्यांत या हुकाचे आटे उलटे असतात. नेहमीच्या बाजूने फिरवून "बसत नाही" म्हणत जोर लावला की आटे जातात. अलॉय रिमच्या आऱ्यांतून पट्टा ओढला तर रंग जातो, पट्टा टायरवरून घ्यायचा. साखळी स्टिअरिंगच्या दांड्याला अडकवली तर अलाइनमेंट बिघडते, ब्रेकच्या होजवरून पट्टा गेला तर होज चेपते.

नुकसान आपल्याकडून झालं असेल तर तिथेच पावतीवर लिहून द्या आणि ऑफिसला कळवा. जागेवर रोख देऊन मिटवू नका. घरी गेल्यावर त्याला आणखी तीन ओरखडे सापडतात. आपल्याकडून झालं नसेल तर वाद न घालता फोटो पुढे धरा, न पटल्यास तक्रारीचा नंबर द्या. "मी वीस वर्षं हे काम करतोय" हे वाक्य कुणाचंही समाधान करत नाही.

प्रश्न : समोरचा सतत मोबाइलवर शूटिंग करतो. बंद करायला सांगू का?

नको. सांगितलंत की व्हिडिओत तेवढंच राहतं. लांब उभं राहून काढू द्या, आणि तुमचंही रेकॉर्डिंग चालू ठेवा.

प्रश्न : विंच (वायर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) चालू असताना मालक मध्येच येतो, गाडीला धक्का देतो, वायरवरून उडी मारतो. ओरडलं तर उलट बोलतो.

ओरडू नका. विंच थांबवा. काम बंद पडलेलं दिसलं की त्याला कारण विचारावंच लागतं. तेव्हा शांतपणे म्हणा : "तुम्ही तिकडे उभे राहिलात की सुरू करतो." जितक्या वेळा येईल तितक्या वेळा थांबवा. इथे मात्र कसलीच सवलत नाही.

ताणलेली वायर तुटली तर चाबकासारखी मागे येते. बाहेर सोडलेल्या वायरच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर माणसं हवीत. दहा मीटर वायर बाहेर असेल तर पंधरा मीटर. स्नॅच ब्लॉक, म्हणजे कप्पी, लावून वायर वळवली असेल तर त्या कोनाच्या आतली जागा सर्वांत घातक, आणि नेमकी तिथूनच गाडी चांगली दिसते म्हणून लोक तिथे उभे राहतात. स्नॅच ब्लॉकने दुहेरी ओढ घेतली की जोर जवळजवळ दुप्पट होतो आणि वेग निम्मा. "एवढं हळू का?" या टोमण्याला हेच खरं उत्तर आहे, द्यायला हरकत नाही.

हँडब्रेक इलेक्ट्रिक असेल आणि बॅटरी मेलेली असेल तर चाकं सुटत नाहीत. आधी बाहेरची बॅटरी लावून ब्रेक सोडवायचा, नाही जमलं तर चाकांखाली प्लॅस्टिकचे स्केट, म्हणजे घसरणाऱ्या पट्ट्या, सरकवायचे. "ओढा तशीच" म्हणणाऱ्याला टायर दाखवा : जाम चाक घसटलं तर टायर एका जागी सपाट होतो.

अस्वस्थ माणसाला काम द्या. गॅरेजला फोन करायचा, गाडीतली कागदपत्रं आणि सामान काढायचं, उतरवायच्या जागेचं लोकेशन पाठवायचं. महामार्गावर त्याला कठड्यापलीकडे, येणाऱ्या वाहनांच्या दिशेने गाडीपासून मागे उभं करा, म्हणजे कुणी गाडीला धडकलं तर गाडी त्याच्या अंगावर येणार नाही. फ्लॅटबेडवर चढवलेल्या गाडीत "मी आतच बसतो" म्हणणारेही भेटतात. त्यांना एकदाच नाही म्हणा आणि कारण सांगत बसू नका.

प्रश्न : उतरवल्यावर पैशांवरून वाद. "एवढं कुठे ठरलं होतं?"

हूक लावण्याआधी रक्कम तुकड्यांत सांगा आणि मेसेज करा : येण्याचे किती, प्रति किलोमीटर किती, विंचचे वेगळे किती, थांबण्याचे कधीपासून, रात्रीचे किती, टोल कोणाकडे. "सगळं मिळून साधारण इतके" हा शब्द कटकटीचं मूळ आहे. विम्यातून किंवा सदस्यत्वातून काम आलं असेल तर मोफत किलोमीटरची मर्यादा आधीच सांगा. ती त्याला बहुधा माहीत नसते, आणि मर्यादेपलीकडचे पैसे मागणारा पहिला माणूस तुम्ही असता. काम रद्द झालं तर येण्याचे पैसे लागतील, हेही तुम्ही निघायच्या आधी सांगायचं.

पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवता येते का, हे त्या-त्या ठिकाणच्या कायद्यावर आहे. ते आधी ऑफिसला विचारून ठेवा, रस्त्यावर ठरवू नका.

प्रश्न : चुकीच्या जागी लावलेली गाडी उचलताना मालक धावत येतो आणि अंगावर येतो.

गाडी उचलण्याआधी मागच्या सीटवर वाकून पाहा. झोपलेलं मूल, कुत्रा. काळ्या काचा असतील तर टॉर्च काचेला टेकवून. माणूस आत जाऊन बसला तर गाडी खाली घ्या आणि थांबा. आत माणूस असताना इंचभरही हलवायची नाही. पुढचं, ज्यांनी आदेश दिला ते बघतील.

गाडी कोणत्या टप्प्यापर्यंत सोडता येते आणि त्याचे किती पैसे, हे तुमच्या कंत्राटात काय लिहिलंय त्यावर आहे. ते पाठ हवं, कारण अडखळलात की तो घासाघीस सुरू करतो. सोडता येत नसेल तर तीन गोष्टी सांगा : आदेश कोणाचा, गाडी कुठे जाणार, सोडवायला काय लागतं. त्या लिहिलेलं छापील कार्ड खिशात ठेवा. औषधं, घराच्या चाव्या, मुलाची सीट काढून घेऊ द्या, नियम आडवा येत नसेल तर. "माझ्याही मनाला पटत नाही हो" असं म्हणण्याचा मोह टाळा. तेच वाक्य तो पुढे तक्रारीत लिहितो.

प्रश्न : दारू प्यायलेला किंवा मारायला उठलेला?

दारू प्यायलेल्याला चावी परत देऊ नका, आणि केबिनमध्ये शेजारी बसवू नका. त्याच्यासाठी दुसरं वाहन बोलवा.

अंगावर येणाऱ्यापासून दोन हात अंतर, आणि तुमच्या पाठीमागे ट्रकचं दार मोकळं. हातात टॉमी किंवा पान्हा असेल तर आधी खाली ठेवा. समोरच्याला ते शस्त्र वाटतं, आणि नंतर साक्षीदारांनाही. वायरवर ताण असेल तर शक्य असल्यास उतरवा, नाहीतर तसंच सोडून केबिनमध्ये जा, दारं लॉक करा, पोलिसांना फोन करा. स्केट आणि पट्टे मागे राहिले तर राहू देत.

प्रश्न : अपघाताच्या जागी लोक वेड्यासारखे ओरडतात.

तो राग नसतो, धक्का असतो. आधी कुणाला लागलंय का ते विचारा. पोलिसांनी सांगितल्याशिवाय गाडी हलवू नका, आणि चूक कुणाची यावर चकार शब्द काढू नका, विचारलं तरी.

प्रश्न : भांडण झाल्यावर डोकं तापलेलं असतं आणि लगेच ट्रक हाकायचा असतो.

तेव्हाच गोष्टी राहून जातात. पी.टी.ओ. (इंजिनाची ताकद विंच आणि फ्लॅटबेडला देणारा जोड) चालूच राहतो, फ्लॅटबेडचं लॉक लागलेलं नसतं, एक पट्टा सैल असतो, मागचे जादा दिवे जोडलेले नसतात. म्हणून केबिनमध्ये चढण्याआधी ट्रकभोवती एक पूर्ण फेरी, प्रत्येक पट्ट्याला हात लावून. पाच-दहा किलोमीटरवर सुरक्षित जागी थांबून पट्टे पुन्हा तपासा. गाडी बसली की ते थोडे सैल होतातच.

आणि चावी. भांडणात ती हमखास खिशात राहते आणि गाडी गॅरेजच्या दारात बंद पडून राहते, मग दुसरं भांडण. रंगीत लांब पट्टीला अडकवून ती पावतीच्या पॅडला बांधून ठेवा.